नववी सुई

“कुत्रं कसं हाय?”

माणूस लंगडत, कण्हत, पोटरीला चिंधी गुंडाळून दवाखान्याच्या पायऱ्या चढायचा आणि आमचे भाऊ त्याला पहिला प्रश्न हा विचारायचे. जखम नंतर. नाव-गाव त्याच्याही नंतर. आधी कुत्र्याची खुशाली.

एकदा एका वकिलांना याचा भलताच राग आला. कोर्टातून घरी जाताना त्यांना कुत्रं चावलं होतं, नवा कोट फाटला होता, आणि हा खाकी बुशकोटातला कंपाउंडर कुत्र्याची चौकशी करत होता.

“अहो, चावलंय मला!” वकील ओरडले.

“तुमी तं समोर दिसूनच राहिले ना,” भाऊ शांतपणे म्हणाले. “मले फिकर न दिसनाऱ्याची हाय. पाळलेलं हाय का मोकाट? खाते-पेते का? मारू नोका त्याले. दहा दिवस बांधून ठेवा, दूध-भाकर द्या.”

“मला चावणाऱ्याला मीच दूध पाजू?”

“पाजा. थे दहा दिवस जगलं तं तुमीबी जगले म्हनून समजा.”

कारण साधं होतं. पिसाळलेलं कुत्रं चावल्यानंतर दहा दिवस काढत नाही. अकराव्या दिवशीही ते शेपूट हलवत फिरत असेल, तर माणसाला धोका नाही. धोका असेल तर मात्र दुसरी वाट नव्हती. हा रोग एकदा मेंदूत शिरला की कुठल्याही डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. समोर पाण्याचा पेला धरला तरी रोग्याच्या घशाला झटके येतात. ते ज्यानं एकदा पाहिलं तो विसरत नाही. म्हणून रोग मेंदूपर्यंत पोचण्याआधी पोटात चौदा सुया घ्यायच्या, रोज एक. त्या सुया देणं हे भाऊंचं काम. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी वापरत नसे. सगळं अकोला त्यांना भाऊच म्हणायचं.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्षभर झालं असेल. मी पुण्याला शिकून नुकता डॉक्टर झालो होतो आणि सरकारनं मला अकोल्यातल्या एका लहानशा दवाखान्यात पाठवलं. पहिल्याच दिवशी मी भाऊंना विचारलं, “ड्रेसिंग केलंत का?” ते म्हणाले, “करून राहिलो.” मला वाटलं, करून झालं आणि हा गृहस्थ आता रिकामा राहिला आहे. मी चिडून आत गेलो, तर ते गुडघे टेकून एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी बांधत होते. ‘करून राहिलो’ म्हणजे ‘करतो आहे’, हे मला दुपारी आयाबाईनं समजावलं. तुमच्यापैकी जे कुणी नोकरीच्या निमित्तानं वऱ्हाडात गेले असतील, त्यांची पहिल्या आठवड्यात अशी फजिती झालीच असणार.

भाऊ पन्नाशीचे, बुटके, पोट किंचित सुटलेले. डोक्यावरची टोपी फक्त सुई देताना काढायचे. लशीची बाटली थंड पेटीतून काढली की लगेच वापरायचे नाहीत. मुठीत धरून, गप्पा मारत, अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी ऊब देत बसायचे. मी एकदा म्हणालो, “कंपाउंडर, पुस्तकात असं काही लिहिलेलं नाही.”

“पुस्तकाले पोट नसते साहेब.”

बाई असली की पडद्याआड आयाबाई उभी राहायची. भाऊ मान वळवून, लुगड्याची कड दोन बोटं सरकवायला सांगून, बोलता बोलता सुई देऊन मोकळे व्हायचे. “झालं?” असं बाईनं विचारलं की म्हणायचे, “कवाचंच. तूच उशिरा आली.”

पण त्यांची एक सवय मला खरोखर विचित्र वाटे. सहाव्या सुईपासून पुढं ते प्रत्येक माणसाला आधी व्हरांड्यातून चालायला लावत. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. भाऊ स्टुलावर बसून नुसते पाय बघत. मग टाचेनं चालायला सांगत, मग चवड्यावर. एक जाडजूड अडत्या वैतागून म्हणाला होता, “भाऊ, बैलबाजार हाय का हा? आता दात पाहता का?”

“दात नाई पाहत. पायात मुंग्या येतात का, थे सांग.”

“नाई येत.”

“पायरी समजते?”

“समजते ना बाप्पा!”

“मंग ये, झोप.”

मला हसू यायचं. म्हाताऱ्या कंपाउंडरांना असे काही छंद असतात, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर एक कासारीण आमच्याकडे आली. तिशीची, काळीसावळी, बोलायला तिखट. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती अकोल्यापासून खेडोपाडी चालत जायची आणि दारोदारी बसून बायकांच्या हातात बांगड्या भरायची. बार्शीटाकळीच्या पुढच्या एका खेड्यात, कुंभाराच्या मडकी भाजायच्या आव्याजवळून जाताना एक काळं कुत्रं न भुंकता धावून आलं आणि तिची पोटरी फाडली. तिनं टोपली सोडली नाही. “बांगड्या फुटल्या असत्या तं मालक चावला असता,” ती म्हणाली. मालक म्हणजे तिचा नवरा. तो बाजूलाच उभा होता. साधा, घाबरट माणूस. त्यानं आधी दोन दिवस तिला कुणा मांत्रिकाकडे नेऊन झाडपाला लावला होता.

भाऊंनी पहिला प्रश्न विचारला. नवरा म्हणाला, “गावच्या लोकांनी मारून टाकलं म्हणतात.”

भाऊंनी कपाळाला हात लावला. “मारलं! आता इचारू कोनाले?”

सुया सुरू झाल्या. कासारीण रोज यायची आणि दवाखान्यात हशा पिकवून जायची. आयाबाईला तिनं हिरव्या बांगड्या भरल्या. मला म्हणाली, “साहेब, लगीन झालं का? माप सांगा, बायकोच्या आधी बांगड्या तयार ठेवतो.” ती बोलताना सर्रास पुरुषासारखं ‘ठेवतो’, ‘जातो’ म्हणायची, तिकडं बऱ्याच बायका म्हणतात. मला तेही नवीनच होतं.

नवव्या सुईच्या सकाळी भाऊंनी तिला नेहमीप्रमाणे चालायला लावलं. ती गेली, वळली, आणि वळताना तिनं भिंतीला हात लावला. एवढंच. मला दिसलंही नसतं. भाऊ स्टुलावरून उठले.

“काय झालं व बाई?”

“काई नाई. कालपासून पायाले मुंग्या येऊन राहिल्या. आन कमरेले पट्टा बांधल्यावानी वाटते.”

भाऊंनी तिला बसवलं. हातात ऊब दिलेली बाटली होती, ती परत पेटीत ठेवली आणि माझ्या खोलीत येऊन दार लोटलं.

“साहेब, हिले सुई देनार नाई मी.”

मी विचारलं, “म्हणजे?”

“लस बाधून राहिली तिले. अजून देली तं पाय जातीन.”

हे अगदीच मला माहीत नव्हतं असं नाही. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत, आणि क्वचित कुणाला तिच्यामुळं अर्धांगवायू होतो, असं एक वाक्य पुस्तकात होतं. पण त्याच पानावर मोठ्या अक्षरात हेही होतं की सुया अर्धवट सोडल्या आणि कुत्रं पिसाळलेलं असलं, तर मृत्यू अटळ. मी सत्तावीस वर्षांचा होतो. मोठी अक्षरं मला जास्त दिसली.

“आणि ती त्या रोगानं मेली तर? जबाबदार कोण, तुम्ही?”

“म्हनून तं म्हनतो, मले आजचा दिवस द्या. कुत्रं पाहून येतो.”

“कुत्रं मारलंय, तिचा नवराच सांगतो.”

“लोकं कोनतंबी कुत्रं मारतात साहेब. भेव सुटलं म्हंजे जे दिसलं थे मारतात. हिनं काळं सांगतलं, एक कान फाटलेलं. मारलं थे कोनतं, कोनी पाह्यलं? आज दहावा दिवस हाय चावल्याले. जिवंत दिसलं तं सुयाच बंद.”

त्यांनी माझ्या होकाराची वाट पाहिली नाही. टोपी घातली, सायकल काढली आणि गेले. जाताना कासारणीला म्हणाले, “अठीच बस. जागची हालू नोको.”

इथून पुढचं मी आजवर दोघातिघांनाच सांगितलं आहे.

दुपारचे बारा वाजले, एक वाजला. कासारणीचा नवरा माझ्या दाराशी चारदा येऊन गेला. त्याच्या आळीतल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की एक जरी सुई चुकली तरी बाकीच्या सगळ्या फुकट. “साहेब, चुकली तं? साहेब, तुमी डाक्टर हाय ना?” त्या शेवटच्या प्रश्नानं मी उठलो. भीती होती, ती खरी होती. पण नुसती भीती नव्हती. एक कंपाउंडर मला न विचारता दवाखाना सोडून निघून गेला होता आणि मी त्याची वाट बघत बसलो होतो, हे मला झोंबत होतं.

मी पेटीतून बाटली काढली. नववी सुई मी माझ्या हातानं दिली. लस थंडगार होती. कासारणीनं ओठ चावले आणि म्हणाली, “भाऊची सुई कशी समजत नाई.”

दिवस कलता कलता भाऊ आले. कपाशीच्या गाड्यांनी रस्ता भरला होता, मागचं चाक पंक्चर झालं होतं, शेवटचे दोन कोस त्यांनी सायकल हातात धरून काढले होते. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं पिवळं झालं होतं. पण चेहरा असा फुलला होता, जणू घरात पाळणा हलल्याची बातमी घेऊन आले आहेत.

“साहेब, कुत्रं नाई, कुत्री हाय थे! मारलं थो पांढरा कुत्रा होता, बिचारा उगाच मेला. सारं गाव पालथं घातलं. मंग एक म्हातारी म्हने, काळी तं आव्याच्या मांगं व्याली हाय. गेलो. चार पिल्लं हायेत साहेब, डोये उघडले आताच. ही बाई टोपली घेऊन पिल्लायजवळून गेली, म्हनून चावली थे. मायच थे! माह्या हातून भाकर खाल्ली, माह्यासमोर पानी पेली. पिसाळलेलं कुत्रं पानी पेते का?” आणि इकडंतिकडं बघून म्हणाले, “बाई कुठी गेली?”

मी म्हणालो, “भाऊ, मी दुपारी सुई दिली.”

मी त्यांना पहिल्यांदाच भाऊ म्हणालो होतो. त्यांनी ते ऐकलंही नसेल. त्यांनी बाहेर जाऊन नळावर पाय धुतले, तोंड धुतलं, आणि परत येऊन मला एवढंच विचारलं, “घरी कशी गेली? चालत का रिक्षात?”

“चालत. नवऱ्याचा हात धरून.”

ते तिच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासारणीला उठता येईना. कमरेखालचे दोन्ही पाय ओल्या कपड्यासारखे पडले होते, लघवी अडली होती. त्या एका सुईमुळं एवढं बिघडलं का, की ते बिघडणारच होतं, हे मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. कुणालाच येणार नाही. मी मात्र ते वाक्य स्वतःला समजावायला वापरलं की मला माझीच शरम वाटते.

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नवं औषध मिळतं, तिथं न्या, असं भाऊंनीच सुचवलं. मी, भाऊ, नवरा आणि स्ट्रेचरवर कासारीण, असे आम्ही गाडीनं निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. अमरावतीच्या गाडीला तासभर अवकाश होता. फलाटावर निंबाच्या सावलीत स्ट्रेचर ठेवलं. नवरा पाणी आणायला गेला. कासारणीचा डोळा लागला होता.

भाऊ माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि फलाटाकडं बघत बोलू लागले.

“मी अमरावतीले होतो तवा एक शिंपी आला होता. मांडीले चावलं होतं. कुत्रं लोकायनं मारलं. अकराव्या सुईले म्हने, भाऊ, पायात मुंग्या येऊन राहिल्या. म्या म्हनलं, दिवसभर मशीन चालोतं, पाय आंबले असतीन. बाराव्याले म्हने, पायरी समजत नाई. म्या म्हनलं, दोनच राहिल्या बाप्पा, पुऱ्या कर. तेराव्या सुईले त्याच्या भावानं त्याले पाठीवर आनलं.”

भाऊंनी पायाजवळचा एक खडा उचलून रुळांकडं टाकला.

“आन म्या थे बी देली.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“डाक्टरले म्या सांगतलंच नाई. काय सांगाचं? शिंप्याचे पाय दुखतात म्हनून? मले मालूमच नव्हतं असं काई असते. मंग मालूम पडलं. त्याचे पाय तं गेलेच.”

आता मला तो व्हरांडा समजला, ती टाचेवरची आणि चवड्यावरची चाल समजली. मी म्हणालो, “त्या दिवशी सकाळीच हे मला का नाही सांगितलंत?”

“तुमी आयकलं असतं?”

मी स्ट्रेचरवरची चादर सारखी केली.

“नसतं आयकलं,” तेच म्हणाले. “मीबी त्या टायमाले कोनाचं आयकलं नसतं.” त्यात टोमणा नव्हता. दोघांना एकाच बाकावर बसवल्यासारखं ते बोलले.

मग त्यांनी मला विचारलं, की हे होतं कशानं. इतकी वर्षं त्यांनी कुणालाही विचारलं नव्हतं. मी जेवढं वाचलं होतं तेवढं सांगितलं. लशीत रोगाचं मेलेलं बी असतं, पण त्याच्यासोबत मेंढीचा मेंदूही असतो. शरीर त्या परक्या मेंदूविरुद्ध उठतं. आणि मेंढीचा मेंदू व माणसाचा मेंदू इतका सारखा, की कधीकधी शरीराचा गोंधळ होतो आणि ते स्वतःच्याच मेंदूवर, मज्जारज्जूवर तुटून पडतं.

भाऊंनी विचार केला. “म्हंजे गावच्या जागल्यानं चोर समजून घरधन्यालेच झोडपलं.”

“हो. अंधारात ओळखता आलं नाही त्याला.”

“पन मार तं घरधन्यालेच बसला ना,” भाऊ म्हणाले आणि उठून कासारणीच्या तोंडावरची माशी हाकलू लागले.

पुढं मी खूप वर्षं डॉक्टरकी केली. मेंदूज्वराचे रोगी पाहिले. ताप उतरून, हसत घरी गेलेला माणूस काही आठवड्यांनी भ्रमिष्ट होऊन परत आलेला पाहिला. आम्ही म्हणायचो, रोग उलटला. पुष्कळ उशिरा वाचनात आलं, की अशा काहींच्या बाबतीत रोगाचे विषाणू परत आलेलेच नसतात. त्यांच्याशी लढायला उठलेलं शरीरच थांबत नाही, आपल्याच मेंदूशी लढत राहतं. ते वाचताना मला बडनेऱ्याचा फलाट आठवला. आता ती मेंढीच्या मेंदूची लस राहिली नाही. नवी लस दंडात घेतात, मोजक्याच वेळा, आणि ती तशी बाधत नाही. कुत्रं चावलं तर आज कुणीही मागंपुढं न पाहता ती घ्यावी. तेव्हा मात्र आमच्याजवळ होती ती तीच, आणि तिनं कित्येकांचा जीव वाचवला, हेही सांगितलं पाहिजे.

अमरावतीच्या दवाखान्यात कॉर्टिझोनची इंजेक्शनं सुरू झाली. मी दुसऱ्या दिवशी परतलो. भाऊंनी साठवलेली सगळी रजा लावली आणि तिथंच राहिले. तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पायांचे सांधे हलवायचे, अंथरूण कोरडं ठेवायचं, हे त्यांनी नवऱ्याला शिकवलं आणि नवरा घाबरून बाजूला झाला की स्वतः केलं. मी रविवारी जायचो. एका रविवारी कासारीण छताकडं बघत म्हणाली, “भाऊ, माह्या पायात बांगड्या भरून द्या. वाजल्या तं समजन, पाय हाय का नाई.”

“पायाचं माप नाई मायाजवळ.”

“टोपलीत हाय ना मोठं माप, पयलवानाच्या बायकोचं.”

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका हसल्या. भाऊ हसले. मी हसू शकलो नाही, तर तिनं मलाच विचारलं, “साहेब, तुमाले काय झालं?”

मी तिला सांगून टाकलं. भाऊ नको म्हणत होते, मी सुई देऊन टाकली, तुझ्या पायांना माझा हात लागला आहे.

तिनं ऐकून घेतलं. “वाचवाले देली का माराले?”

“वाचवायला.”

“मंग झालं.”

ते झालं नव्हतं, तिलाही माहीत होतं. पण तिला तो विषय तिथंच ठेवायचा होता, आणि मी तिचं ऐकलं.

तिसऱ्या आठवड्यात मला एक पोस्टकार्ड आलं. मायना नाही, सही नाही. मोठ्या अक्षरांत दोन शब्द: ‘अंगठा हालला.’ मी ते कार्ड घेऊन व्हरांड्यात गेलो आणि आयाबाईला वाचून दाखवलं. तिनं मला ते पुन्हा वाचायला लावलं, आणि मी पुन्हा वाचलं.

होळीच्या सुमारास कासारीण काठी घेऊन अकोल्यात परत आली. पावसाळ्यात काठी सुटली. डावा पाय मात्र कायम ओढत राहिला. खेडी बंद झाली. तिनं घराच्या ओट्यावरच बांगड्या मांडल्या, आणि ज्या गावांना ती जायची तिथल्या बायका बाजाराच्या दिवशी तिच्या ओट्यावर येऊ लागल्या. नवरा टोपली घेऊन फिरायला लागला, पण त्याला बायकांच्या हातात बांगड्या भरता येईनात, फुटायच्या. ती सांगायची, “मालक टोपली रिकामी करून येते, पन फोडून.”

कासारीण दवाखान्यात होती तेव्हाच्या एका रविवारी भाऊ मला अमरावतीच्या एका गल्लीत घेऊन गेले होते. लहानशा खोलीत एक माणूस जमिनीवर बसून मशीन चालवत होता. पायाचं मशीन होतं, पण पायटा काढून त्याला हाताचा दांडा बसवला होता. तो भाऊंनीच लोहाराकडून करून आणलेला. शिंपी उजव्या हातानं दांडा फिरवायचा आणि डाव्या हातानं कापड सरकवायचा. दर महिन्याला, पगाराच्या रविवारी, भाऊ त्याच्याकडं जात. काही खास बोलत नसत. काज-बटणं करून देत, चहा पीत, संध्याकाळच्या गाडीनं परत येत.

“हे माह्ये साहेब,” भाऊंनी ओळख करून दिली.

शिंप्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. “पुन्याचे का? शर्टाची शिवन साजरी हाय.” मग भाऊंकडं वळून, “तू काहून येगळा दिसून राहिला रे आज?”

“काई नाई. एक बाई हाय दवाखान्यात. बरी होईन थे.”

“होईन?”

“होईन.”

शिंपी दांडा फिरवू लागला. भाऊ दाराकडं तोंड करून काज करत बसले होते. त्या खोलीत कोण कुणाची समजूत काढत होतं, ते मला ठरवता आलं नाही.

भाऊ निवृत्त झाले तेव्हा माझी बदली मेळघाटात झाली होती. ते अमरावतीला जाऊन राहिले, शिंप्याच्याच गल्लीत, दोन घरं सोडून. बायको आधीच गेली होती, मुलगी लग्न होऊन वरूडला होती. मी वर्षातून एखाददा त्यांना भेटायचो. मी पाय घडी करून बसलो तरी ते माझ्या पायांकडं बघतात, असा मला भास व्हायचा. एकदा मी म्हणालो, “भाऊ, तुम्ही मला सगळं शिकवलंत.” ते म्हणाले, “काई शिकवलं नाई साहेब. दोघंबी चुकलो, सोबत झाली.”

पुढची खेप झालीच नाही. मी जंगलातल्या दौऱ्यावर होतो. पत्र आमच्या मुक्कामी फिरत फिरत उशिरा पोचलं. छातीत कळ येऊन भाऊ गेले होते. मी अमरावतीला पोचलो तोवर तेरावाही होऊन गेला होता. त्यांच्या खोलीला कुलूप होतं. मी दोन घरं पुढं गेलो.

शिंपी मशीनपाशी बसला होता. केस पांढरे झाले होते, दंड मात्र दांडा फिरवून फिरवून पैलवानासारखे झाले होते. मला बघून त्यानं बसायला पाट सरकवला.

“तुमी येसान वाटलंच होतं,” तो म्हणाला.

मी पाटावर टेकलो. मग मी न राहवून विचारलं, “भाऊंनी तुम्हाला कधी सांगितलं होतं? पायांचं?”

“नाई सांगतलं. पन मले मालूम होतं. पयल्या वर्षी एका डाक्टरनं मले सारं सांगतलं होतं. लय राग आला होता. म्हनलं, आता आला की दाराबाहेर काढतो.” त्यानं मशीनवरचा दोरा तोडला. “आला. कोपऱ्यात बसला. सुई घेतली आन काज करू लागला. असे वाकडेतिकडे काज केले बाप्पा, की मले सारे उसवा लागले. म्हनलं, राहू दे, पुढच्या महिन्यात सांगू. मंग पुढचा महिना, मंग पुढचा.” तो थोडासा हसला. “मंग त्याले काज चांगले याले लागले.”

तो हातांवर जोर देत मागं सरकला आणि फळीवरून एक घडी काढली. पांढरा सदरा होता.

“कापड त्यानंच आनून देलं होतं, दिवायीसाठी. कापून ठेवला होता म्या. थो गेल्यावर मंग शिवला. कापलेलं कापड तसंच ठेवू नाई.” त्यानं सदरा माझ्यापुढं धरला. “घालून पाहा साहेब.”

“नको, असू द्या.”

“घाला ना. कोन घालनार आता?”

मी माझ्या शर्टावरूनच तो सदरा घातला. पोटावर सैल झाला, खांद्यात जेमतेम बसला. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर राहिल्या. शिंपी सरकत माझ्याजवळ आला. त्यानं एक बाही धरून खाली ओढली, मग पुन्हा ओढली. ती पुरत नव्हती.

“त्याचे हात आखूड होते,” तो म्हणाला, आणि बाहीचं टोक मुठीत धरून तसाच बसून राहिला.